पेशंट अजून रस्त्यात असताना

माझ्या ड्रॉवरमध्ये एका पेपरची प्रिंट कित्येक वर्षं पडून आहे, कडा पार मऊ पडल्यात. हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर सिस्टीम बघणाऱ्या आमच्या टीममध्ये नवीन कोणी आलं की पहिल्याच दिवशी मी ती काढून हातात देते, आधी हे वाच, सर्व्हर रूम उद्या बघू. डिसेंबर २००५ चा पेपर आहे, पीडियाट्रिक्स नावाच्या जर्नलमधला. पिट्सबर्गच्या लहान मुलांच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी ऑर्डर कागदावर न लिहिता कॉम्प्युटरवर टाकायच्या अशी सिस्टीम आली आणि अख्ख्या हॉस्पिटलात ती ६ दिवसांत सुरू झाली. नंतर तिथल्याच डॉक्टरांनी आकडे काढले. खास उपचारांसाठी दुसऱ्या हॉस्पिटलातून हलवून आणलेल्या मुलांमध्ये मृत्यूचं प्रमाण आधीच्या १३ महिन्यांत २.८० टक्के होतं, नंतरच्या ५ महिन्यांत ते ६.५७ टक्के झालं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ जागची हलले नव्हते.

आता हा आधी आणि नंतर अशी तुलना करणारा अभ्यास आहे, त्यामुळे सगळं खापर सॉफ्टवेअरवर फोडता येत नाही आणि पुढे त्यावर वादही पुष्कळ झाले. पण मला आकड्यांपेक्षा जास्त लागलं ते त्यामागचं वर्णन. आधी काय व्हायचं, तर मूल अजून वाटेत असतानाच इकडे डॉक्टर ऑर्डर लिहून ठेवायचे, औषधं आणि ड्रिप तयार असायचं, मूल पोचलं की लगेच सुरू. नवीन सिस्टीममध्ये मूल प्रत्यक्ष येऊन त्याचं रजिस्ट्रेशन झाल्याशिवाय ऑर्डर टाकताच यायची नाही. शिवाय जी ऑर्डर कागदावर काही सेकंदांत व्हायची तिच्यासाठी मिनिट-दोन मिनिटं क्लिक करत बसावं लागायचं, आयसीयूसाठी तयार ऑर्डर सेट, म्हणजे एका क्लिकवर निवडता येणाऱ्या नेहमीच्या ऑर्डरींच्या याद्या, नव्हते, आणि औषधांचा साठा मेन फार्मसीत गेल्यामुळे नर्सला पूर्वीसारखं जागच्या जागी औषध उचलता येईना.

रजिस्ट्रेशन आधी, ऑर्डर नंतर. ज्याने कोणी हा नियम ठेवला असेल त्याच्या दृष्टीने तो बरोबरच होता, जो पेशंट कॉम्प्युटरच्या लेखी आलेलाच नाही त्याच्या नावावर औषध मागवणार कसं? फक्त वाटेतल्या त्या वेळात इकडे किती काम उरकलं जायचं हे त्याला कोणी सांगितलं नसावं, आणि जे रोज करत होते त्यांनाही ते मुद्दाम सांगण्यासारखं वाटलं नसावं.

पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, सिएटलच्या लहान मुलांच्या हॉस्पिटलचा पेपर आला. सिस्टीम त्याच कंपनीची. त्यांच्याकडे मुलांच्या आयसीयूत मृत्यूचं प्रमाण वाढलं नाही. म्हणून कोणी मला विचारलं की कुठली सिस्टीम घ्यावी, तर मी उलट विचारते की पेशंट दारात यायच्या आधी तुमच्याकडे काय काय होतं ते कोणाला माहितीये, त्या माणसाशी मला बोलू दे. डिजिटल स्ट्रॅटेजी म्हणून जे काही मी गेली अनेक वर्षं टीचिंग हॉस्पिटलमध्ये करतेय त्याचा बराचसा भाग हाच आहे, कोणीही लिहून न ठेवलेलं काम शोधायचं, आणि ते आपण मोडण्याआधी शोधायचं.

हे मला स्वतःलाही एकदा फार उशिरा कळलं. एका वॉर्डात पांढरा बोर्ड होता, बेड नंबर, नाव, कन्सल्टंट, एवढंच दिसायचं. आम्ही तो काढून मोठी स्क्रीन लावली, सगळं आपोआप अपडेट होणारी, सहा महिने मीटिंगा घेऊन तयार केलेली. तीन-चार दिवसांत तक्रार आली की संध्याकाळचे रिपोर्ट येतात पण सीनियर डॉक्टरांच्या नजरेखालून जात नाहीत. आम्ही लॅबचा इंटरफेस तपासला, ठीक होता, नेटवर्क ठीक होतं. शेवटी मी एका रात्री वॉर्डात जाऊन बसले तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, आमचं हिरवं मॅग्नेट गेलं ना." रिपोर्ट आला पण सीनियरने अजून बघितला नाही, अशा बेडच्या नावापुढे त्या एक हिरवं मॅग्नेट लावायच्या आणि राउंडला आलेले डॉक्टर बोर्डवर नजर टाकून आधी त्या बेडकडे वळायचे. सहा महिन्यांच्या मीटिंगांमध्ये मॅग्नेटचं नाव एकदाही निघालं नाही कारण आम्ही विचारत होतो की बोर्डवर काय *लिहिता*. मॅग्नेट कोणी लिहीत नाही. तेव्हापासून माझ्या टीमला नियम आहे, रिक्वायरमेंट गोळा करायच्या तर एक दिवस आणि एक रात्र वॉर्डात काढायची, आणि रात्र जास्त महत्त्वाची, कारण रात्री माणसं कमी असतात आणि मग कामाची खरी वाट दिसते.

टीचिंग हॉस्पिटलात हे जास्त अवघड का, तर इथे एकाच पेशंटच्या एकाच फाइलवर तीन जणांचा हक्क असतो. उपचार करणाऱ्याला आत्ता काय करायचं ते हवं, शिकणाऱ्याला हे असं का केलं ते हवं, आणि संशोधकाला अशा दहा हजार फाइली एका साच्यात हव्यात. तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात. आणि रेसिडेंट, म्हणजे शिकता शिकता वॉर्डात काम करणारे डॉक्टर, दर महिन्या-दोन महिन्यांनी युनिट बदलतात, दरवर्षी नवीन बॅच येते, म्हणजे आपण नीट शिकवून तयार केलेली माणसं सतत निघून जात असतात. जी सिस्टीम वापरायला दोन दिवसांचं ट्रेनिंग लागतं ती इथे दरवर्षी नव्याने गो-लाइव्ह, म्हणजे पहिल्यापासून सुरू, करावी लागते असंच समजा.

फाइल शिकवण्यासाठी असते हे आता विसरल्यासारखं झालंय. लॉरेन्स वीड नावाच्या डॉक्टरांनी १९६८ मध्ये मांडलं होतं की केसपेपर पेशंटच्या एकेका प्रॉब्लेमनुसार लिहावा, म्हणजे विचार कसा केला ते दुसऱ्याला दिसेल आणि तपासता येईल. आज विद्यार्थी जी सोप नोट लिहितात (पेशंट काय सांगतो, तपासणीत काय दिसलं, आपला अंदाज काय, पुढे काय करायचं) ती त्यातूनच आली. आणि आता काय होतं, कालची नोट कॉपी करायची, आज पेस्ट करायची, दोन ओळी बदलायच्या, चार दिवसांपूर्वी काढलेली नळी नोटमध्ये अजून तशीच. मी रेसिडेंटना दोष देत नाही, अजिबात नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ओपीडी डॉक्टरांच्या एका निरीक्षणात दिसलं की पेशंटसोबतच्या दर तासामागे जवळपास दोन तास कॉम्प्युटर आणि टेबलवरच्या कामात जातात. अशा माणसाला कॉपीचं बटण दिलं तर तो वापरणारच. आम्ही कॉपी बंद केली नाही. फक्त कॉपी झालेला मजकूर फिक्या रंगात दिसतो आणि स्वतः टाइप केलेला गडद, एवढंच केलं. राउंडला प्रोफेसर स्क्रीनकडे बघून विचारायला लागले की यात तुझं स्वतःचं काय आहे, आणि त्या एका प्रश्नाने जे झालं ते आमच्या कुठल्याही सर्क्युलरने झालं नव्हतं.

संशोधकांचं वेगळं. ईमेल येतो, सगळ्या डायबेटिसच्या पेशंटचा डेटा हवाय, शुक्रवारपर्यंत. मी विचारते, डायबेटिस म्हणजे कोण? ज्यांच्या फाइलीत निदान लिहिलंय ते, की ज्यांची शुगर जास्त आली ते, की जे गोळ्या घेतात ते? हे तीन वेगवेगळे गट निघतात, निदान लिहिलेलं नसतं पण इन्सुलिन चालू असतं असेही पेशंट असतात. त्यात एकच टेस्ट जुन्या मशीनवर एका नावाने, नव्या मशीनवर दुसऱ्या, बाहेरच्या लॅबमधून तिसऱ्याच नावाने आलेली. टेस्टना जगभर एकच कोड असावा म्हणून लॉइंक १९९४ पासून आहे, फुकट आहे, पण आपली जुनी नावं त्याला जोडायचं काम कोणी तरी ओळीने बसून करावंच लागतं. आमच्याकडे लॅबमधल्या एका सीनियर टेक्निशियनबाईंनी ते केलं, दीड वर्ष, रोज थोडं थोडं. आज आमच्याकडून जो काही अभ्यास बाहेर पडतो त्याच्या पायाशी त्यांचं काम आहे आणि माझा आग्रह असतो की पेपरच्या आभारांत त्यांचं नाव यावं.

एआयबद्दल सगळे विचारतात म्हणून सांगते. २०२१ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी रेकॉर्ड सिस्टीमसोबत येणारं, बऱ्याच हॉस्पिटलांत वापरात असलेलं सेप्सिस (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागणारी जीवघेणी अवस्था) ओळखणारं मॉडेल आपल्या पेशंटवर तपासलं. सेप्सिस झालेल्या ६७ टक्के पेशंटना ते ओळखू शकलं नाही आणि तरीही ॲडमिट झालेल्यांपैकी १८ टक्के जणांवर अलर्ट मात्र वाजले. माझ्यासाठी यातली खरी गोष्ट ही की त्यांनी तपासलं. टीचिंग हॉस्पिटलकडे स्टॅटिस्टिक्सवाले असतात, क्लिनिशियन असतात, डेटा असतो, मग आपणच विकत आणलेलं मॉडेल न तपासता वॉर्डात सोडलं तर दुसरं कोण तपासणार. आमच्याकडे असं कुठलंही मॉडेल आलं की आधी काही महिने ते मागे गुपचूप चालतं, कोणालाही अलर्ट न दाखवता, आणि ते काय म्हणालं आणि प्रत्यक्षात काय झालं ते आम्ही लावून बघतो. विकणाऱ्यांना हे आवडत नाही. डिपार्टमेंट हेडनाही कधी कधी आवडत नाही, एकदा एका सरांनी माझ्याशी दोन आठवडे बोलणं सोडलं होतं. चालतं.

बजेट आणि कमिट्यांबद्दल फार लिहीत नाही, एवढंच की नवीन काही सुरू करायला पैसे मिळतात आणि जुनं बंद करायला कोणी सही करत नाही, त्यामुळे दर नव्या प्रस्तावाबरोबर काय बंद होणार ते लिहिलं नसेल तर मी तो कमिटीत घेतच नाही.

आता ज्यासाठी खरं तर लिहायला बसले ते. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, पसरला तेव्हा इंग्लंडमधल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, एनएचएसच्या, २३६ पैकी किमान ८० ट्रस्टना (हॉस्पिटलं वगैरे चालवणाऱ्या संस्थांना) फटका बसला, आणि विंडोजमधली ती फट बुजवणारा पॅच मार्चमध्येच आलेला होता. लोक म्हणतात मग टाकला का नाही. हॉस्पिटलात प्रत्येक मशीनवर पॅच टाकता येत नाही, एमआरआय किंवा लॅबच्या ॲनालायझरसोबतचा कॉम्प्युटर कंपनीने ठरावीक व्हर्जनवर तपासून दिलेला असतो, हात लावायचा तर कंपनीची परवानगी लागते. त्यात आमचं नेटवर्क विद्यापीठाशी जोडलेलं, विद्यार्थ्यांचे लॅपटॉप, संशोधकांचे स्वतः बांधलेले सर्व्हर. नेटवर्कचे कप्पे पाडणं, बॅकअप वेगळा ठेवणं हे सगळं आम्ही करतो. पण एक ना एक दिवस सिस्टीम बंद पडणारच असं धरून मी वर्षातून दोनदा रात्री ड्रिल घेते. बंद म्हणजे बंद, स्क्रीन काळी.

पहिल्या ड्रिलला एका रेसिडेंटच्या हातात कागदी ऑर्डर शीट दिलं तर तो पेन धरून नुसता उभा राहिला. हुशार मुलगा, पण कागदावर औषधाची ऑर्डर त्याने आयुष्यात लिहिली नव्हती. डोस, मार्ग, किती तासांनी, हे सगळे रकाने त्याला आजवर स्क्रीनने विचारले होते. आम्ही शीट बदललं, रकाने स्क्रीनच्याच क्रमाने लावले आणि नवीन बॅचच्या पहिल्या आठवड्यात अर्धा तास कागदावर ऑर्डर लिहायला ठेवला.

आणि गेल्या वर्षीच्या ड्रिलला नवजात बालकांच्या आयसीयूत हे झालं. प्रत्येक वॉर्डात सिस्टीम बंद पडल्यावर वापरायचा आमचा एक वेगळा डाउनटाइम कॉम्प्युटर असतो, दर १५ मिनिटांनी सगळ्या ॲडमिट पेशंटची यादी, औषधं, ॲलर्जी त्यावर उतरत राहते आणि नेटवर्क गेलं तरी प्रिंट काढता येते. सिस्टरनी प्रिंट काढली, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि विचारलं, "मॅडम, दुसऱ्या हॉस्पिटलातून बाळ निघालंय, तासाभरात पोचेल, ते यात कुठे आहे?"

ते त्यात नव्हतं. यादी ॲडमिट पेशंटची होती आणि बाळ अजून ॲडमिट झालेलं नव्हतं. पेशंट पोचण्याआधी ऑर्डर टाकायची सोय आम्ही आमच्या सिस्टीममध्ये पहिल्या दिवसापासून ठेवली होती, त्या ड्रॉवरमधल्या पेपरमुळेच ठेवली होती, त्या बाळाच्या ऑर्डरही टाकलेल्या होत्या, आणि नेमक्या त्याच ऑर्डर डाउनटाइमच्या यादीत उतरत नव्हत्या. खरंच सिस्टीम पडलेली असती तर बाळ येईपर्यंत कोणाला काही तयार ठेवता आलं नसतं. मी ड्रिल तिथेच थांबवलं, बाळाच्या ऑर्डर चालू सिस्टीममधून काढून सिस्टरच्या हातात दिल्या आणि पहाटेपर्यंत आमचे दोघं जण त्या यादीच्या क्वेरीवर, म्हणजे यादीत कोण घ्यायचं ते ठरवणाऱ्या कोडवर, बसले.

आता त्या प्रिंटच्या शेवटी एक वेगळा भाग असतो, मथळा "येतायत". शब्द सिस्टरनीच सुचवला. मागच्या ड्रिलला त्यात दोन नावं होती, आणि दोन्हींच्या पुढे औषधं काढून ठेवल्याची खूण पेनने आधीच केलेली होती.