आधी गोड, मग तिखट

गोचुजांगचा, म्हणजे कोरियातल्या आंबवलेल्या मिरचीच्या घट्ट चटणीचा, तो लाल डबा आता आपल्याकडे पण मिळतो, के-ड्रामा बघून बघून पब्लिकला त्याची तल्लफ यायला लागली ना. आणि चाखल्यावर पहिली तक्रार ठरलेली, अरे हे तर गोड आहे! कोल्हापूरवाले तर सरळ हसतात.

पण मला विचाराल तर सगळी गंमत त्या गोडपणातच आहे, कारण ती गोडी मुळात साखरेची नाहीच. आपण नाचणीला आणतो तसे बार्लीला मोड आणायचे, वाळवून पूड करायची, ती पाण्यात कालवून त्यात चिकट तांदळाचं पीठ घालून मंद आचेवर ठेवायचं, मग मोडातली एन्झाइम्स तांदळातल्या स्टार्चची हळूहळू साखर करत बसतात. त्यात नंतर जाते मेजूची पूड. मेजू म्हणजे उकडून कुटलेल्या सोयाबीनचे गोळे, भाताच्या पेंढ्याने बांधून टांगलेले, पेंढ्यातले बॅक्टेरिया आणि हवेतली बुरशी त्यात घर करते. (वास? तो विषय नको.) मग मीठ, मिरचीपूड, आणि सगळं मातीच्या मोठ्या रांजणात भरून अंगणात महिनोन् महिने, ऊन असेल तेव्हा झाकण उघडायचं, पाऊस आला की धावत जाऊन लावायचं. सोयाबीनमधलं प्रोटीन तुटत जातं तशी ती खोल, जिभेवर रेंगाळणारी चव तयार होते.

म्हणजे खरं काम तांदूळ आणि सोयाबीनचं. कोरियात सोयाबीन आंबवणं मिरचीच्या कितीतरी आधीपासून चालू होतं, मिरचीबाई पोचल्या बहुतेक १६व्या शतकाच्या शेवटी, आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आल्या त्याच या, आणि आल्या आल्या सगळा भाव खाऊन गेल्या. आपण मात्र लोणचं, सांडगी मिरची सोडली तर मिरचीला फार थांबवत नाही, ठेचा झाला की लगेच भाकरीवर.

कोरियात १७२४ ते १७७६ राज्य केलेला राजा योंगजो गोचुजांगचा भलताच शौकीन होता, दरबारी नोंदींमध्ये आहे तसं, आणि त्याला राजवाड्यातल्यापेक्षा एका अधिकाऱ्याच्या घरचं जास्त आवडायचं म्हणे. राजा असला तरी दुसऱ्याच्या घरचंच चविष्ट लागणार! आजही सुनचांग गावचं गोचुजांग म्हटलं की कोरियन माणूस मान डोलावतो, आणि २०२४ मध्ये तर ही असली जांग (म्हणजे सोयाबीन आंबवून केलेल्या चटण्या आणि सॉस) बनवायची सगळी पद्धतच युनेस्कोच्या यादीत गेली.

आता बाजारातला डबा उलटा करून बघा, बऱ्याच डब्यांवर अगदी वरतीच कॉर्न सिरप लिहिलेलं असतं. एन्झाइम्सनी निवांत करायचं काम फॅक्टरीने एका पिंपात उरकलेलं. तक्रार करायचीच असेल ना तर ह्या गोडीची करा, मी पण येतो तुमच्या बाजूने. तोवर गरम भात, अंडं, काकडी, वरून तिळाचं तेल आणि चमचाभर हेच, चालतंय की.