४३५चा ऑर्गन

माझा धंदा पेटीदुरुस्तीचा. सोलापुरात या धंद्याला मरण नाही, कारण इथे भजन तीन भाषांत चालतं. मराठी मंडळांची पेटी येते, कानडी वचनं म्हणणाऱ्यांची येते, पूर्व भागातल्या तेलुगू मंडळांची येते. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की लाकूड आकसतं आणि जोडातून हवा गळते. श्रावणात तेच लाकूड फुगतं आणि दाबलेली पट्टी वर यायचं नाव घेत नाही. म्हणजे वर्षातून दोन सुगी.

पायपेटीचं, म्हणजे पायाने भाता चालवायच्या ऑर्गनचं, काम मात्र क्वचित येतं. संगीत नाटकांच्या साथीला ऑर्गन होता तेव्हा माझ्या उस्तादांच्या हाताखालून बरेच गेले म्हणे. माझ्या वाट्याला आले ते बहुतेक चर्चमधले. त्यातल्या एकाची ही हकिकत.

ख्रिस्ती मंडळींचा दुःखसहन सप्ताह चालू होता. मंगळवारी सकाळी चर्चच्या सेक्रेटरींचा फोन आला. "मालक, ऑर्गनचा एक सूर बंदच होत नाही. पायाने हवा भरली की आपोआप ओरडतोय. शुक्रवारी तीन तासांची उपासना आहे, आजच या." भाच्याला घेऊन दहाच्या सुमारास पोचलो. वर पत्रा, आत पंखे. दारात पाळकसाहेबांनी "सलाम" केला आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. सोलापुरात एप्रिलमध्ये पाहुण्याचं स्वागत असंच होतं.

ऑर्गन अमेरिकन होता, बॉस्टनच्या मेसन अँड हॅम्लिनचा. अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले १८१३ साली. पुढे अमेरिकन मराठी मिशन मुंबई, नगर, सोलापूर असं पसरलं आणि त्यांच्यामागून असली वाद्यंही आली. ६१ पट्ट्या, रीडच्या, म्हणजे हवेने थरथरून सूर देणाऱ्या पितळी जिभांच्या, दोन ओळी, म्हणजे १२२ रीड. वर ओढायच्या खुंट्या, गुडघ्याने ढकलायच्या दोन फळ्या. एका खुंटीवर 'व्हॉक्स ह्युमाना' लिहिलेलं. ती ओढली की आत पुठ्ठ्याचं छोटं पातं हवेच्या जोरावर फिरतं आणि सूर थरथरतो. भाच्याला ते पातं इतकं आवडलं की पुढचा अर्धा तास त्याने दुसरं काहीच केलं नाही.

ओरडणाऱ्या सुराचं कारण पाच मिनिटांत सापडलं. दोन पट्ट्यांच्या फटीत दहा पैशांचं जुनं अ‍ॅल्युमिनियमचं नाणं अडकलं होतं. त्यामुळे पट्टी किंचित दबलेली राहायची आणि खालची झडप मिटायची नाही. नाणं सेक्रेटरींच्या हातावर ठेवलं. "दानपेटीतलं दिसतंय," म्हणत त्यांनी खिशात टाकलं.

एवढ्यावर घरी जायला हरकत नव्हती. पण आठ-दहा सूर मुके होते, तेही बघा म्हणाले. इथे आपल्या हातपेटीत आणि अमेरिकन ऑर्गनमध्ये मोठा फरक आहे. हातपेटी हवा बाहेर ढकलते. हा ऑर्गन हवा आत ओढतो. पायाने भाते उपसले की आत हवा विरळ होते, आणि पट्टी दाबली की बाहेरची हवा रीडमधून आत शिरते. सोबत खोलीतली धूळही. सोलापूरची धूळ बारीक आणि सुकी, रीडच्या जिभेखाली एक कण बसला की सूर गप्प. त्यामुळे मुकी रीड बहुतेक वेळा मेलेली नसते, तिला फक्त कचरा लागलेला असतो. आकड्याने ती खाचेतून ओढायची, मऊ ब्रशने झाडायची, परत सरकवायची. दुपारपर्यंत एक सोडून सगळ्या बोलल्या. त्या एकीची जीभ मुळाशी चिरली होती. तिच्या जागी माझ्या डब्यातली जुनी रीड बसवली.

खरं प्रकरण पुढे होतं. चहा घेताना सेक्रेटरी म्हणाले, "आता आलाच आहात तर याचा सूर वर घ्या. आमच्या कीबोर्डशी जुळत नाही. क्वायर, म्हणजे गाणाऱ्यांचं पथक, बेसूर होतं. एका जाणकाराने सांगितलंय, सगळ्या रीड घासल्या की जुळतील. त्यासाठी पैसेही बाजूला काढलेत."

मोबाइलवर ट्यूनर लावून मधला 'ए' मोजला, वाद्यं ज्यावरून जुळवतात तो सूर. ४३५ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४३५ कंपनांच्या, जरा वर. कीबोर्ड ४४०. ऑर्गन उतरला नव्हता, तो होता तिथेच होता. फ्रान्सने १८५९ साली ४३५ हे प्रमाण ठरवलं, अमेरिकेतल्या पियानोवाल्यांनी ते १८९१ साली उचललं. ४४०वर एकमत झालं १९३९ साली लंडनच्या परिषदेत. म्हणजे आज जगाने ज्याला बेसूर म्हणायचं, तो त्याच्या जन्मवेळचा बरोबर सूर.

पाच हर्ट्झ ऐकायला किरकोळ वाटतात. पण दोन्ही वाद्यं एकदम वाजली की त्या एका सुरावर आवाज सेकंदाला पाच हेलकावे खातो, वरच्या सप्तकात दहा. गाणारा बिचारा मध्येच कुठेतरी लटकतो.

रीड घासता येते, नाही असं नाही. जिभेचं टोक तासलं की सूर चढतो, मूळ तासलं की उतरतो. रोजच्या पेट्यांना मी हेच करतो. पण तिथे केसभर काम असतं. इथे १२२ रीडना प्रत्येकी पट्टी ते पट्टी अंतराचा जवळजवळ पाचवा हिस्सा चढवायचा होता. शंभरेक वर्षांच्या पितळेतून एवढा धातू काढायचा म्हणजे काही जिभा हातातच तुटणार. शिवाय तासलेलं पितळ परत चिकटवता येत नाही. आणि त्या जिभांना कारखान्यात दिलेला जो हलका बाक असतो, त्यात या ऑर्गनचा गोडवा आहे. तो बिघडला तर सूर जुळेल आणि आवाज जाईल. मी म्हटलं, "हे काम मी करणार नाही. दुसऱ्या कुणाकडून करून घेणार असाल तर आधी मला सांगा, मी शेवटचं ऐकून घेईन."

सेक्रेटरींचा चेहरा पडला. ऑर्गन वाजवणाऱ्या बाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. निवृत्त शिक्षिका, गुडघे दुखतात, तरी दर प्रभुवारी वाजवतात. त्या पहिल्यांदाच बोलल्या. "मी हेच म्हणत होते, पण मला जुन्या वळणाची समजतात."

बाईंनी मग समजावलं. त्यांच्या 'उपासना संगीत'मध्ये दोन जातीची गीतं आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदं आपल्या चालीवरची, ती पेटी-तबल्यावर होतात. दुसरी पाश्चात्त्य चालींची, ती चार आवाजांत: बायकांचे सोप्रानो नि आल्टो, पुरुषांचे टेनर नि बास. या दुसऱ्यांना ऑर्गन लागतो. "कीबोर्डचा सूर दाबला की तसाच राहतो," बाई म्हणाल्या. "इथे माझ्या पायात श्वास असतो. क्वायरने श्वास घ्यायचा तिथे मी पाय सैल सोडते." मी इतकी वर्षं भाते शिवतोय, पण ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती.

संध्याकाळी क्वायरची तालीम होती, थांबलो. कीबोर्ड वाजवणारा कॉलेजचा मुलगा आला. तोच रीड घासायच्या बाजूचा. त्याला म्हटलं, "बाळा, तुझ्या यंत्रात फंक्शनमध्ये ट्यूनिंग असेल, बघ जरा." सापडलं. एक-एक दशांश खाली नेत ४३५पर्यंत आला, मग ऑर्गन ऐकत किंचित वर. एका क्षणी हेलकावे थांबले. सगळ्यांना कळलं, कारण गप्पा मारणाऱ्या आल्टोसुद्धा वळून बघायला लागल्या.

शुक्रवारचं एक गीत पूर्ण गायले. टेनर तरीही खाली होते. त्याला ऑर्गन काय करणार?

"पण दर वेळी बटण कोण दाबणार?" सेक्रेटरी. "युवक संघाची गाणी ट्रॅकवर असतात, तिथे ४४०च लागतं." मुलाने चिकटपट्टीवर मार्करने आकडा लिहून कीबोर्डवर डकवला. वाद तिथे मिटला. तबला हातोडीने जुळतो, गिटारच्या खुंट्या पिळता येतात. हट्टी वाद्य त्या खोलीत एकच होतं, बाकीच्यांनीच सरकायला हवं होतं.

उरले पैसे. घासकामासाठी काढलेली रक्कम तशीच होती. बाई म्हणाल्या, ती ऑर्गन शिकणाऱ्याला द्या. खजिनदार हसले. "शिकणाऱ्याकडून फी घेतात, त्याला पैसे कोण देतं?" बाई ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. इंग्लंडच्या कॅथेड्रलांत 'ऑर्गन स्कॉलर' असतो, म्हणाल्या. तरुण पोर असतं, त्याला मानधन मिळतं, तो मोठ्या वादकाच्या हाताखाली शिकतो आणि क्वायरच्या साथीला बसतो. तिथे पाइप ऑर्गन असतात, मुंबईच्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्येही आहे, आपल्याकडे पायपेटी आहे एवढाच फरक. मीही माझं घोडं पुढे दामटलं: हे वाद्य बंद राहिलं की भात्याचं कापड घडीवर चिरतं आणि उंदीर घर करतात. आठवड्यातून दोन-तीनदा कुणीतरी वाजवायलाच हवा, नाहीतर मला दरवर्षी बोलवा, माझी काही तक्रार नाही.

खजिनदारांची अडचण वेगळीच निघाली. "रक्कम दुरुस्ती खात्यात आहे. मानधन त्यातून दाखवायचं कसं? कमिटीचा ठराव लागेल." त्या रात्री ठराव झाला नाही. माझं बिल दिलं, नाण्याचा विषय निघाला नाही.

ईस्टर उलटल्यावर कधीतरी दहावी दिलेली एक मुलगी दुकानात आली. ठराव झाला होता, तिलाच नेमलं होतं. तक्रार अशी की वाजवताना डावा पाय भरून येतो. डाव्या भात्याची स्प्रिंग कडक झाली असेल म्हणून शनिवारी जाऊन बघितलं. स्प्रिंग ठीक होती. स्टूल बाईंच्या उंचीचं होतं, पोरीची टाच पायपट्टीवर नीट टेकतच नव्हती. सुताराकडून तिच्यासाठी एक बुटकं स्टूल करून घेतलं. ते बिल खजिनदारांनी काही न बोलता दुरुस्ती खात्यात टाकलं.