बांधीतले कमळगट्टे

१२ जून

मृग लागला, पण पावसाचा पत्ता नाही. मामा तलावातला, म्हणजे गावच्या जुन्या मालगुजारी तलावातला, गाळ आमच्या बांधीत, धानाच्या शेतात, पसरून झाला. आज ढेकळं फोडताना काळे, टणक दाणे हाती लागले. कमळगट्टे, कमळाच्या बिया! सोबत कमळकाकडीचे, म्हणजे कमळाच्या गाळातल्या खोडाचे, वाळके तुकडेही. मोडले की आतली भोकं दिसतात. पानांतून आलेली हवा याच वाटेनं खाली चिखलात पोचते.

उन्हाळ्यात कमळाची पानं करपून जातात, पण काकडी ओल्या गाळात जिवंत असते. पाऊस पडला की तिलाच कोंब फुटतात. वर्षानुवर्षं हे असंच चालत आलं. यंदा मशीननं तलाव या काठापासून त्या काठापर्यंत खरवडला. आता फुटायला तिथं काय उरलं? दुपारभर जीव हळहळत राहिला.

मामाजींजवळ, माझ्या सासऱ्यांजवळ, बोलले तर म्हणाले, "गाळ तं काढाच लागते. नाही तं पाणी कोठं मावन?" बरोबरच आहे त्यांचं. कोहळी समाजाच्या लोकांनी हे तलाव बांधले ते धानासाठीच. पण फावडं-घमेलं नि बैलबंडीनं गाळ काढायचा म्हटलं, तर कुठं ना कुठं काकडी राहूनच जात असणार. मशीन काही मागे ठेवत नाही.

बियांची गोष्ट वेगळी. कवच इतकं घट्ट की पाणी आत शिरत नाही, म्हणून बी नुसतं पडून राहतं. चीनमधल्या एका जुन्या, आटलेल्या तळ्यातलं सुमारे १३०० वर्षांपूर्वीचं कमळाचं बी शास्त्रज्ञांनी रुजवून दाखवलं. १९९५ साली ते जाहीर झालं. आमच्या गाळातलं तर कालपरवाचंच म्हणायचं.

एक फोडून पाहिलं. पांढरा गर, आणि मधोमध हिरवागार कोंब. जिभेला लावला, कडूजहर! बाकीचे दगडावर घासले, काळं कवच जाऊन आतला फिका थर दिसेपर्यंतच, आणि बादलीत भिजत घातले. आता रोज पाणी बदलायचं. पानं आली की तलावाच्या उगवतीकडच्या उथळ कोपऱ्यात लावीन. तिथं बेशरम नावाचं तण माजलंय, ते आधी उपटावं लागेल. ढिवरपुऱ्यातल्या, मासेमारांच्या वस्तीतल्या, काकांना सोबत घ्यावं म्हणते. पानांच्या आडोशाला मासोळ्यांची पिल्लं राहतात, हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक.

आणि ग्रामसभेत मी स्वतः उभी राहून बोलणार आहे. पुढच्या खेपेला गाळ खुशाल काढा, पण तो एक कोपरा सोडा.