पाय पुढं, मन मागं

लोणंदच्या तळावर पहाटे तीनला जाग आली. राहुटीच्या कापडावर बाहेरच्या बल्बचा पिवळा डाग हलत होता. शेजारी आक्का गाढ झोपल्या होत्या. आणि साताऱ्याच्या घरात छातीवर असतो तो दगड इथंही होता. माउलींची पालखी माझ्यापासून हाकेच्या अंतरावर. इतक्या जवळ येऊनही हे पाठ सोडत नाही म्हणजे माझ्यातच काहीतरी खोट असणार, असं वाटलं आणि पदराचा बोळा तोंडात धरून रडले.

ही माझी दुसरी वारी. पहिली दोन वर्षांपूर्वी झाली. पण त्याआधीचं थोडं सांगायला हवं.

मी वीस वर्षं घरी शिलाईकाम करते. तीन वर्षांपूर्वीच्या थंडीत माझे हात थांबले. मशीनवर कव्हर घातलं ते काढलंच नाही. लग्नसराईतले ब्लाउजपीस पिशव्यांत तसेच पडून. बायका दाराशी यायच्या आणि मी आतून मुलीला म्हणायचे, "झोपलेय म्हणून सांग." झोप तर नव्हतीच. पहाटे डोळे उघडले की उघडेच. जेवणाला चव नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं म्हटलं तरी अजिंक्यतारा चढायचा असल्यासारखं वाटायचं. सगळे विचारायचे, "झालंय तरी काय?" सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. कोणी गेलं नव्हतं, कर्ज नव्हतं, घरात भांडण नव्हतं. कारण सापडत नाही याचीच लाज वाटायची. पुढं डॉक्टरबाईंनी सांगितलं की डिप्रेशनला दर वेळी कारण असतंच असं नाही, आणि दोन आठवड्यांच्या वर हे असंच चाललं तर त्याला नुसती उदासी म्हणून सोडून द्यायचं नाही.

मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती देवघरात. लहानपणापासून संध्याकाळचा दिवा मीच लावत आले. त्या दिवसांतही लावायचे, हात जोडायचे, आणि आत काही म्हणजे काही हलायचं नाही. समोर विठ्ठल-रखुमाई, आणि मी भिंतीसमोर उभी असल्यासारखी. माणसांचं जाऊ दे, देवाचंही काही वाटेना म्हटल्यावर मी संपले, असं मी मनाशी धरलं. एका रात्री मरणाचे विचार आले तेव्हा ह्यांना हलवून उठवलं आणि सांगून टाकलं. हे काही बोलले नाहीत. दिवा लावून सकाळपर्यंत जवळ बसून राहिले आणि रजा टाकून मला डॉक्टरांकडे घेऊन गेले. ज्यांच्याजवळ असं उठवायला कोणी नाही त्यांनी 14416 हा नंबर लिहून ठेवावा. टेलिमानस, सरकारची फोनसेवा, 2022 पासून सुरू आहे. पैसे लागत नाहीत, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. हे मी मुद्दाम मध्येच सांगतेय, कारण शेवटापर्यंत वाचायचं बळ सगळ्यांत असतंच असं नाही.

गोळी सुरू झाली तरी पहिले दोन-तीन आठवडे काहीच फरक नव्हता. तसं होणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून धीर सुटला नाही. मग एक दिवस जेवताना मी म्हणाले, "आमटीत मीठ कमी आहे." ह्यांनी चमकून माझ्याकडे बघितलं. चव परत आली होती.

त्या वर्षी माहेरच्या दिंडीतून पहिली वारी केली. माझं माहेर आरफळच्या बाजूचं. माउलींच्या पादुका पालखीत घालून दिंड्यांसह न्यायची आजची रीत ज्यांनी 1832 च्या सुमारास घालून दिली ते हैबतबाबा आमच्या आरफळचे, त्यामुळे वारी म्हणजे आम्हाला घरचंच कार्य. मी इतकी हलकी होऊन परतले की गोळ्या बंद केल्या. नात्यातल्या एका बाईंनी म्हटलंही, "गळ्यात माळ घातलीस ना, मग आता गोळ्या कशाला? विश्वास नाही का पांडुरंगावर?" पण त्यांना बोल कशाला लावू? माझ्याही मनात तेच होतं. डॉक्टरांना न विचारता एका दिवसात बंद. आठवडाभर चक्कर, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके, नुसती चिडचिड. ते थांबलं तेव्हा वाटलं, सुटले. आणि गौरी-गणपतीपर्यंत परत तळाशी. दर वर्षी आळीतल्या चार घरांच्या गौरींना मी साड्या नेसवते. त्या वर्षी आमच्याच घरच्या गौरींना मुलीनं कशातरी नेसवल्या आणि मी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होते.

डॉक्टर रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा महिने गोळी चालू ठेवावी लागते, एकदा उलटलं की त्याहून जास्त, आणि थांबवायची तर ती त्यांच्या देखरेखीखाली, हळूहळू कमी करत. गेल्या वर्षी वारीला गेलेच नाही. ह्या वर्षी निघताना त्यांना विचारलं, गोळ्या मोजून घेतल्या आणि पितळेच्या जुन्या करंड्यात ठेवल्या. एका पुडीत बुक्का, शेजारी गोळ्यांची पाकिटं.

तर लोणंद. चारला काकडा सुरू झाला आणि आक्का उठल्या. सत्तरीच्या आहेत, कोरेगाव तालुक्यातल्या. दर वर्षी डोक्यावर तुळस घेऊन चालतात. माझे डोळे बघून काही विचारलं नाही, टँकरपाशी माझी बादलीही त्यांनीच भरून ठेवली. चहा-उपीट झाल्यावर मी करंडा उघडला तसं म्हणाल्या, "कसल्या गं गोळ्या?"

"बीपीच्या," मी म्हणाले.

त्यांनी आपल्या पिशवीतनं पाकीट काढलं. "माझ्या शुगरच्या. सकाळची एक, रात्रीची एक. तुझं बीपी रात्रीचं रडवतं व्हय तुला?"

मग मी सगळं सांगितलं. देवघरातलंही सांगितलं, जे ह्यांनाही कधी सांगितलं नव्हतं. आत्ताही काकड्याला उभी होते आणि काही वाटलं नाही, असं म्हणाले. आक्का भाकरीच्या तुकड्यानं ताट निपटत होत्या.

"तुला काय वाटाय पायजे असं कोण म्हणालं?" त्या म्हणाल्या. "त्यो तिथं विटंवर हुबा हाय. कवाधरनं हुबा हाय. त्याला दिसतंय की, तू आलीस."

मी त्या दिवशी दुपारी लोणंद सोडेपर्यंत तेच मनात घोळवत होते. चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण झालं, माउलींचा अश्व धावला, लोक टापांखालची माती कपाळाला लावायला वाकले, मीही वाकले. उचंबळून वगैरे आलं नाही. माती लावली आणि तरडगावकडे चालू लागले. पण पहाटेची ती अपराधी भावना तेवढी राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी काळज, निंभोरे, वडजल करत फलटण गाठलं. लांबचा टप्पा, ऊन चांगलंच. विमानतळाच्या मैदानावर पाय पसरून बसलो तेव्हा आक्कांची चुंबळ उसवलेली दिसली. आतला काथ्या बाहेर आला होता. माझ्या पिशवीत सुई-दोरा कायम असतो. कुणाच्या तरी जुन्या लुगड्याची किनार मिळाली, कापडाच्या पट्ट्या पिळून गोल वेटोळं केलं, वरून किनार गुंडाळत आले आणि आडवे टाके घातले. चुंबळ फार घट्ट झाली तर डोकं दुखतं, सैल झाली तर तुळस डुलते. बोटानं दाबून दाबून बघावी लागते. तास गेला असेल. समाजआरतीची वेळ झाली, चोपदारांनी चोप उंच केला आणि एवढ्या हजारो माणसांतले टाळ एका क्षणात गप्प झाले. शेवटचा टाका मी त्या शांततेत घातला.

पहाटे परत जाग. ह्या वेळी फार जड. हात उचलावा तर उचलेना. फलटणवरूनच साताऱ्याची एसटी धरावी, असं ठरवूनच टाकलं. पण डॉक्टरांची एक अट मी पाळते. ह्या आजारात बऱ्याच जणांना सकाळच सगळ्यात काळी असते, म्हणून सकाळी नऊच्या आत स्वतःबद्दल कसलाही निर्णय घ्यायचा नाही. घड्याळात साडेतीन झाले होते. म्हटलं, नऊ वाजेपर्यंत चालू, मग बघू.

वारीत एक बरं असतं. कुणी विचारत नाही, "येतेस का?" पहिला कर्णा झाला की वळकटी बांधायची, दुसऱ्याला आपल्या दिंडीत उभं राहायचं, तिसऱ्याला पाऊल उचलायचं. ट्रक सामान घेऊन निघूनही गेलेला असतो. हैबतबाबा शिंद्यांच्या पदरी सरदार होते. ही शिस्त त्यांनी लष्करातूनच आणली, असं आमच्याकडे म्हणतात. मनाला विचारायचंच नाही, ही त्या शिस्तीतली माझ्यासाठी सर्वांत मोठी गोष्ट. घरी मी वर्षानुवर्षं मनाची वाट बघितली. आधी बरं वाटू दे, मग अंघोळ करते. आधी उत्साह येऊ दे, मग मशीनवर बसते. डॉक्टर म्हणायच्या, उलटं करा, आधी करा, वाटायचं ते मागून वाटेल. मला ते पटायचं पण जमायचं नाही. दिंडीत ते आपोआप होत होतं.

विडणीच्या अलीकडे आक्कांनी काही न बोलता स्वतःच्या डोक्यावरची तुळस उतरवली आणि चुंबळीसकट माझ्या डोक्यावर ठेवली. मी शिवलेली चुंबळ माझ्याच डोक्यावर. तुळस डोक्यावर असली की मान खाली घालता येत नाही. मान ताठ, एक हात वर, नजर समोरच्या बाईच्या पाठीवर, आणि पाय अंदाजानं टाकायचे. मातीतलं पाणी झिरपून कपाळावरून ओघळत होतं. हरिपाठ चालू होता, मागून पखवाज, आणि पावलं आपोआप टाळावर पडत होती. किती चाललो कळलं नाही. विडणीत चहा झाला तेव्हा नऊ कधीच वाजून गेले होते. दगड होता. पण तो छातीवर नव्हता, पिशवीत घालून चालल्यासारखा होता. पिंप्रदला जेवताना मी दुसऱ्यांदा पिठलं मागून घेतलं. बरडला पोचलो तेव्हा एसटीची आठवणही नव्हती.

पुढं धर्मपुरीपासून सोलापूर जिल्हा लागतो. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी. एकादशीच्या गर्दीत कळसाचं दर्शन घेतलं आणि परतले. पंढरीत मी बरी होऊन आले, असं सांगणार नाही. दोन वर्षांपूर्वी तेच म्हटलं होतं.

घरी आल्यावर मी वारीचा दिवस घरात मांडला. साडेपाचला उठायचं, अंघोळ, देवापुढं काकड्याचे दोन अभंग, आवाज फुटत नसला तरी ओठ हलवायचे. मग साताऱ्यातल्या 'चार भिंती' ह्या टेकडीवरच्या स्मारकापर्यंत चालत जायचं, ऊन अंगावर घेऊन परत. न्याहारी झाली की करंडा उघडायचा. दहाला मशीन. दुपारी चारनंतर चहा नाही, हे मला फार जड गेलं, पण झोपेत फरक पडला. संध्याकाळी मंदिरात हरिपाठ, तोही बायकांच्या घोळक्यात. एकटीनं म्हटला की मध्येच मन भरकटतं, घोळक्यात बाकीच्या ओढून नेतात. रात्री फोन बाहेरच्या खोलीत. एकादशी करते, पण पोटभर फराळ करून. रिकाम्या पोटी राहिले की दुसरा दिवस वाईट जातो, हे आता ओळखीचं झालंय.

आणि ज्या दिवशी काहीच होत नाही त्या दिवसासाठी निम्मा नेम ठेवलाय. उठायचं, तोंडावर पाणी, दोन घास, गोळी, आणि फाटकापर्यंत जाऊन परत यायचं. एवढं झालं की त्या दिवसाचा नेम चुकला नाही, असं मी धरते. असे दिवस ह्या श्रावणात चार आले. त्यातल्या दोन दिवशी फाटकाजवळ शेजारच्या वहिनी भेटल्या आणि आम्ही कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो. गौरींना ह्या वर्षी पाच घरी साड्या नेसवल्या.

आक्कांचा फोन रोज पहाटे येतो, पहिल्या कर्ण्याच्या वेळेचा. त्यांना फोन लावता येत नाही, नातू लावून देतो. परवाही आला. बाहेर पाऊस लागला होता.

"उठलीस का?"

"उठले, आक्का."

"आन् मन?"

"ते नाही उठलं अजून."

"निजू दे त्याला," आक्का म्हणाल्या. "तू चहा ठेव."