मोटार तीच, लाईन दुसरी

मागच्या उन्हाळ्यात रावेरच्या मामांच्या मानेतील गाठीची बायोप्सी झाली आणि अहवालात 'फॉलिक्युलर लिम्फोमा, टी(१४;१८) आढळले' अशी ओळ आली. म्हणजे बी-पेशींचा एक कर्करोग, आणि त्यात १४व्या व १८व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल. मामांचा पहिला प्रश्न होता, "हे पोरांना लागतं का?" लागत नाही. हा बदल जन्मतः आलेला नसतो; तो अंगातल्या एका बी-पेशीत, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशीत, घडतो आणि तिच्यापासून झालेल्या पेशींपुरताच राहतो.

तो बी-पेशींतच का घडतो, याचे कारण त्यांच्या कामात आहे. नाना प्रकारची प्रतिपिंडे घडवता यावीत म्हणून या पेशी अस्थिमज्जेत १४व्या गुणसूत्रावरील प्रतिपिंडाचे जनुक मुद्दाम कापून नव्याने जोडतात, आणि पुढे लसिका ग्रंथीत त्याच जनुकात पुन्हा फेरफार करतात. एवढ्या कापाकापीत एखादे टोक भलत्याच गुणसूत्राला जोडले जाते. फॉलिक्युलर लिम्फोमाच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांत १८व्या गुणसूत्रावरचे बीसीएल-२ हे जनुक असे १४व्यावर येऊन बसलेले असते.

मामा केळीवाले, म्हणून मी त्यांच्याच विहिरीवरून समजावले. शेतीच्या लाईनला वीज ठरावीक तासच असते. तीच मोटार कोणी गावठाणच्या लाईनवर जोडली, तर मोटारीत काडीचाही बिघाड नसताना पाणी रात्रंदिवस चालू राहील आणि केळीच्या बुडात चिखल होईल. बीसीएल-२चे प्रथिनही मुळात नेहमीचेच असते, पण प्रतिपिंडाचे जनुक जोरात चालवणारा डीएनएचा तुकडा (एन्हान्सर) शेजारी आल्याने ते बनायचे थांबत नाही. हे प्रथिन पेशीला मरू देत नाही, असे मेलबर्नच्या संशोधकांनी १९८८ साली दाखवले. मामांची गाठ दोन वर्षे सावकाश वाढली ती यामुळेच: पेशी भराभर वाढत नव्हत्या, मरायच्या त्या मरत नव्हत्या. बर्किट लिम्फोमात ८व्या गुणसूत्रावरचे मिक हे पेशीविभाजन वाढवणारे जनुक याच लाईनवर येते, आणि तिथे गाठ दिवसांत वाढते.

मात्र टी(१४;१८) असलेल्या मोजक्या पेशी कित्येक धडधाकट माणसांच्या रक्तातही सापडतात. लिम्फोमा व्हायला पुढचे आणखी जनुकीय बिघाड लागतात.

"मग ती लाईन तोडता येत नाही का?" मामांनी विचारले. लाईन नाही तोडता येत; बीसीएल-२च्या प्रथिनाला अडवणारे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध मात्र आहे. गंमत अशी की, क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात, जिथे गुणसूत्रांची ही अदलाबदल सहसा नसतेच, ते उत्तम चालते आणि मामांच्या आजारात एकट्याने तेवढे चालत नाही. सध्या मामांना कोणतेच औषध सुरू नाही. दर तीन महिन्यांनी तपासणी आहे.