जिन्यातला बाबा

आज कोथरूडला लेकीची दीड महिन्याची लस होती. पोलिओ आणि रोटाचे थेंब तिने मिटक्या मारत घेतले. मांडीत सुई टोचायची वेळ आली आणि नवरोबा थेट जिन्यात!

हाच माणूस आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांच्या) वेळी रोज रात्री मला प्रोजेस्टेरॉनचं, म्हणजे गर्भ टिकायला मदत करणाऱ्या हार्मोनचं, इंजेक्शन द्यायचा. तेलातलं औषध घट्ट, म्हणून कुपी आधी तळहातात धरून कोमट करायचा. गाठी आल्या की शेकही द्यायचा. हात कधी थरथरला नाही.

त्याआधी तपासण्या, काढे, सारसबागेतल्या गणपतीला नवस, सगळं माझ्याच नावाने. वीर्यतपासणी खरं तर सगळ्यात सोपी आणि स्वस्त, पण ते बोलायची कुणाची छाती नव्हती. शेवटी हाच म्हणाला, "माझंही बघू की." शुक्राणू फारच कमी निघाले. घरी त्यानेच सगळ्यांना सांगितलं, तेव्हापासून आत्याबाई गप्प. (त्याला विचारूनच लिहितेय हं!)

आता थर्मामीटर घेऊन बसलाय. लसीने थोडा ताप येतो, डॉक्टरांनी सांगितलंय. तरी दर दहा मिनिटांनी मोजतोय. पुढची लस चार आठवड्यांनी. तेव्हा मी आईला घेऊन जाणार.