चांदोद ते नारेश्वर: वल्हं हातात घेण्याआधीचे नकाशे

बडोद्याच्या मराठी घरांत नर्मदा म्हटलं की गरुडेश्वर, चांदोद, नारेश्वर. वर गरुडेश्वरला टेंबे स्वामींची समाधी, खाली नारेश्वरला रंगावधूत महाराजांचं स्थान. परिक्रमावासी हा पट्टा काठाकाठाने चालतात. आम्ही चांदोदच्या मल्हारराव घाटावर कयाक, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होड्या, पाण्यात घातल्या आणि नारेश्वरला बाहेर काढल्या. पण खरं काम त्याआधी लॅपटॉपवर झालं, आणि लिहिण्यासारखंही तेच आहे.

फुकट चार्ट, म्हणजे पाण्याची खोली दाखवणारे नकाशे, शोधायला बसलं की आधी अमेरिकेच्या नोआ या सरकारी संस्थेचे चार्ट समोर येतात. उत्तम आहेत, पण फक्त अमेरिकेच्या पाण्याचे. आपल्या समुद्राचे चार्ट देहरादूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय काढतं, ते विकत घ्यावे लागतात. ओपनसीमॅप हा लोकांनी मिळून केलेला ऑनलाइन समुद्रनकाशा फुकट आहे, बंदराजवळ कामाला येतो. चांदोदच्या आसपास मात्र त्यात खोलीचा आकडा शोधू नका. नर्मदा कागदोपत्री राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ७३ आहे, तरी कयाकवाल्याला तयार चार्ट मिळतो असं नाही. तो आपणच जुळवायचा.

पाया म्हणून सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे ओपन सिरीज नकाशे घ्या. त्यांच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की पीडीएफ फुकट उतरवता येते. चांदोद २२ अंश अक्षांशाला अगदी लागून आहे आणि नकाशाची कड तिथेच येते, म्हणून वरचा आणि खालचा असे दोन्ही नकाशे लागतात. गावं, घाट, नाले, पूल यांसाठी याला तोड नाही. इंटरनेटवर फिरणाऱ्या जुन्या टोपोशीटच्या (छापील भूनकाशांच्या) स्कॅनपासून मात्र सावध राहा. त्या एव्हरेस्ट डेटमवर आहेत (डेटम म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्याचा पाया) आणि जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या दुसऱ्या डेटमवर चालतं. या भागात दोन्हींत शंभरेक मीटरचा फरक पडतो. नदीत शंभर मीटर म्हणजे पाण्याऐवजी वाळू.

आणि वाळू कुठल्याच छापील नकाशावर खरी नसते. पूर आला की बेटं सरकतात. २०२३च्या सप्टेंबरातल्या पुरानंतर तर त्याआधीच्या चित्रांवर भिस्त ठेवण्यात अर्थच उरला नाही. इथे कोपर्निकस ब्राउझर हे युरोपच्या उपग्रहचित्रांचं संकेतस्थळ कामाला येतं. सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं दर पाचेक दिवसांनी मिळतात, तीही फुकट. ढग कमी असलेली ताजी तारीख निवडा. आधी एनडीडब्ल्यूआय हा पाणी ओळखणारा थर लावा, म्हणजे पाणी आणि कोरडी वाळू वेगळी दिसते. मग नैसर्गिक रंगावर या: गडद पट्टा तो खोल प्रवाह, फिकट तपकिरी तो उथळ. एक ठिपका १० मीटरचा असतो, त्यामुळे तीस मीटरहून अरुंद फाट्यावर विश्वास टाकायचा नाही.

हे चित्र सकाळी अकराच्या सुमाराचं असतं, ही गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. वर सरदार सरोवर आहे. वीजघर किती पाणी सोडतं त्यावर पातळी हलते. चित्रात बुडालेला वाळूचा पट्टा दुपारी उघडा पडलेला असू शकतो, किंवा उलट. म्हणून तंबूही पाण्याच्या कडेला लावायचा नाही. मगरींसाठीही तोच नियम.

आता वेपॉइंट, म्हणजे जीपीएससाठी वाटेवरच्या खुणा. गूगल अर्थ प्रोमध्ये खुणा टाका. ते आपोआप केएमझेड प्रकारच्या फाइलमध्ये साठवायला बघतं. केएमएल निवडा, कारण फाइलचा प्रकार बदलून देणारा जीपीएसबेबल हा प्रोग्राम केएमझेड उघडत नाही. त्यातून जीपीएस यंत्राला समजणारी जीपीएक्स फाइल काढा आणि यंत्रात भरा. यंत्र दोन खुणांमध्ये सरळ रेघ ओढतं, म्हणून वळणावर दीडदोनशे मीटरवर एक खूण हवी, तीही वळणाच्या बाहेरच्या अंगाला, जिथे प्रवाह काठ खोदतो. सरळ पट्ट्यात किलोमीटरभर अंतर चालतं. क्रमांक ०१०, ०२०, ०३० असे द्या, मधे खूण घालायला जागा राहते. वाळूच्या खुणेच्या नावात चित्राची तारीख घालाच. नावं रोमन अक्षरांत आणि आखूड ठेवा. बऱ्याच यंत्रांवर देवनागरीचे चौकोन होतात.

सर्वांत महागडी चूक आकडे हाताने भरताना होते. २१ अंश ५९ मिनिटं म्हणजे दशांशात २१.९८३. कुणी २१.५९ भरलं की खूण थेट ४३ किलोमीटर दक्षिणेला जाते. एवढी चूक निदान डोळ्यांना दिसते. २१ अंश ५९.५ मिनिटांचं कुणी ५९ मिनिटं ५ सेकंद केलं तर खूण पाऊण किलोमीटरने सरकते, आणि पडद्यावर सगळं ठीक वाटतं.

म्हणून दोन तपासण्या केल्या. चांदोदच्या घाटावरच्या नावाड्यांना खुणांच्या फाइलची छापील प्रत दाखवली. नर्मदेला मिळणाऱ्या ओरसंग नदीच्या मुखापाशी वाळू कुठे आली आहे ते त्यांनी बोटाने दाखवलं, तिथल्या खुणा तिथेच बदलल्या. दुसरी तपासणी पोइचाच्या पुलाखाली. पूल हलत नाही. खांबापाशी यंत्र आणि फाइल दहा-पंधरा मीटरच्या आत जुळली तर पुढे जा. शंभराचा फरक दिसला तर डेटम तपासा. फोनवर ओस्मअँड या नकाशांच्या ॲपमध्ये तोच जीपीएक्स आणि ऑफलाइन नकाशा ठेवा. उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं मात्र परवान्याशिवाय बाळगू नका, आपल्याकडे ती बेकायदा आहेत.

नारेश्वरपुढे भरूचकडे जायचं असेल तर ही सगळी पद्धत अपुरी पडते. नर्मदा जिथे समुद्राला मिळते त्या खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतलं अंतर १० मीटरच्या घरात जातं. तिथे भरतीचं कोष्टक आणि देहरादूनचा विकतचा चार्ट, दोन्ही लागतात.